वालेन्सियाहून पळून आलेला माणूस

सौदीतल्या अल-खोबरच्या मराठी मंडळींत एक किस्सा अजून सांगतात. एक गृहस्थ होते. स्पेनमधलं वालेन्सिया नावाचं शहर पाहायचं म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली. तिथे मार्चमध्ये एक उत्सव असतो. चौकाचौकांत तीन-तीन, चार-चार मजली पुतळे उभे करतात आणि शेवटच्या दिवशी ते सगळे जाळून टाकतात. हे गृहस्थ शेवटी कंपनीच्या कामाने तिथे पोचले. आणि पुतळे पेटणार त्याच संध्याकाळी, सौदीत आपल्याला परत घेतील की नाही या धास्तीने, बॅग उचलून विमानतळावर पळाले. इथे सगळे हसतात.

हा किस्सा पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडला. त्यातलं शहर खरं आहे, उत्सव खरा आहे, पळून येणंही खरं आहे. माणूस तेवढा चुकीचा आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना तोंडावर दादा म्हणायचो आणि पाठीमागे 'री-एन्ट्री'.

सौदीत राहिलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्यासारख्या नोकरदाराला देशाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परतीची परवानगी काढावी लागते. ती म्हणजे री-एन्ट्री. ती ठरावीक दिवसांची असते. दिवस उलटले आणि तुम्ही बाहेरच राहिलात, तर नोकरी गेली, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना गेला, पुढची काही वर्षं दारही बंद. आणि नोकरी सोडून कायमचं निघताना जो शिक्का बसतो, तो फायनल एक्झिट. आमचं सगळं आयुष्य या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेलं.

दादांनी तो शब्द सगळीकडे लावून टाकला होता. लिफ्टमध्ये शिरताना बटणाकडे बघत विचारायचे, "री-एन्ट्री आहे ना?" नव्या मॉलमध्ये गेलो की आधी बाहेर पडायचं दार शोधून ठेवायचे. कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं की नवऱ्यामुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "बाबा रे, हा फायनल एक्झिट. नीट विचार करून सही कर." ते आणि मी एकाच कंपनीत व्हॉल्व्ह तपासायचं काम करायचो. चाचणी झाली की व्हॉल्व्हवर बोटाच्या पेरांनी टकटक करून ते त्यालाच विचारायचे, "बंद झालास तर परत उघडशील ना?" आमचा फिलिपिनो टेक्निशियन त्यांना पाहिलं की स्वतःच टकटक करून "ओपन, दादा, ओपन!" म्हणायचा.

पासपोर्टच्या झेरॉक्स त्यांच्या अंगावर नेहमी असायच्या. एक शर्टाच्या खिशात, एक पाकिटात, आणि प्रवासाला निघाले तर एक मोज्यात. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनी म्हणायच्या, "उद्या यांचे पाय हरवले तरी कोणाचे ते कळेल."

असा घाबरा माणूस वालेन्सियाच्या मागे का लागला, याचं कारण त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर होतं. स्पेनच्या एका कारखानदाराने कधीतरी वाटलेलं कॅलेंडर. त्यातल्या मार्चच्या पानावर एका अवाढव्य बाईचा पुतळा पेटलेला होता. मुकुटापर्यंत ज्वाळा, आणि खाली माणसं माना वर करून बघतायत. दादांनी ते पान कधी उलटलंच नाही. त्यांच्या भिंतीवर बाराही महिने मार्च असायचा. नवा माणूस तारीख बघायला जायचा आणि फसायचा.

दादा संगमेश्वरकडचे. घरी गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्तींचा कारखाना. लहानपणी त्यांच्याकडे मूर्तींचे डोळे आखायचं काम असायचं. "वर्षभर मूर्ती करायची आणि पाण्यात सोडायची, ह्यात मला नवल वाटत नाही," ते म्हणायचे. "पण जाळायची? आणि गावभर नाचत? हे मला बघायचंय."

खोबरच्या फ्लॅटमध्ये ते लिंबाएवढा शाडूचा गणपती करायचे. तिथे मूर्तिपूजेला बंदी, म्हणून खिडक्या लावून, पडदे ओढून, टीव्ही मोठा करून आम्ही चार घरची माणसं ओठांतल्या ओठांत आरती म्हणायचो. विसर्जन बादलीत. त्या वेळी दादांच्या कपाळावर घाम असायचा आणि तरी विनोद सुटायचा नाही. मूर्ती हलवताना म्हणायचे, "पुनरागमनाय च. बघा, देवालासुद्धा आपण री-एन्ट्रीवरच पाठवतो." बादलीत पाणी हललं की दाराकडे बघायचे. कोणी कधीच आलं नाही. शेजारचा सौदी म्हातारा तर दरवर्षी आमचे मोदक मागून घ्यायचा आणि बदल्यात हुफूफच्या खजुराचा डबा द्यायचा. पण दादांची धास्ती काही गेली नाही. मला वाटतं, आवाज न दाबता एकदा ओरडायला मिळावं, एवढंच त्यांना त्या शहराकडून हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते आम्हाला कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, वालेन्सिया दाखवायला न्यायचे. न पाहिलेलं.

"हा दिव्याचा खांब म्हणजे टाउन हॉल. वाजले दुपारचे दोन. आता फटाके लागणार. सगळ्यांनी तोंड उघडं ठेवा."

"तोंड कशाला, दादा?"

"कानाचे पडदे फाटतील नाहीतर. आऽ करा." मग माझ्या बायकोकडे वळून, "वहिनीबाई, लाजू नका, आऽ."

दोन-तीन कुटुंबं समुद्राकडे तोंड करून आ वासून उभी. जवळच चटई टाकून बसलेल्या एका सौदी कुटुंबाने एकदा आम्हाला कॉफी पाठवली. त्यांना वाटलं असेल, यांना काहीतरी होतंय. माझी मुलगी इंडियन स्कूलमध्ये होती. ती वैतागून म्हणाली, "काका, बट व्हेअर इज द सिटी?"

दादांनी समुद्रातल्या लाल बोयाकडे बोट केलं. "ते तरंगतंय ना, त्याच्या मागे. जरा लांब आहे, एवढंच."

मग एकदा खरंच वालेन्सियाजवळच्या एका कारखान्यात तपासणीचं काम निघालं, तेही मार्चमध्ये. दादांनी साहेबांकडे जाऊन ते मागून घेतलं. सोबत मला घेतलं. कामाच्या शेवटी दोन दिवसांची रजा जोडली, म्हणजे उत्सवाचा शेवटचा दिवस हाती लागेल. माझी बायको आणि मुलगी खोबरला राहिल्या.

तिथे मी जे दादा पाहिले, ते खोबरला कोणी पाहिलेले नाहीत. एकदाही त्यांनी दार शोधलं नाही. सकाळी माझ्या आधी तयार व्हायचे आणि हॉटेलच्या पायरीवर उभे राहून बूट आपटायचे. जुन्या रेशीमबाजाराच्या इमारतीत छतापर्यंत गेलेले दगडी खांब आहेत, दोरीसारखे पिळलेले. दादांनी खांबावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पीळ दिलाय रे. काथ्याला देतात तसा. दगडाला." कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात मैलोन् मैल बाग केली आहे. तिथे चालताना म्हणाले, "आमच्या नदीला कोणी सांगू नका." रेशमी घागरे घातलेल्या बाया हातात फुलं घेऊन देवीच्या चौकात जात होत्या, पुढे बँड, मागे बँड. चौकात लाकडी सांगाड्यावर माणसं चढून त्या फुलांचा देवीचा शेला विणत होती. जवळ पोचल्यावर बाया रडायच्या. दादांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली ती चौकाबाहेर येईपर्यंत.

पुतळ्यांपाशी मात्र ते कारागीर व्हायचे. नाक लावून रंगाचा वास घ्यायचे. "ह्याचा हात छान बसलाय. ह्याचे डोळे घाईत केलेत, बघ, एक बघतोय शेजारच्या मंत्र्याच्या पुतळ्याकडे आणि एक आपल्याकडे." शेकडो मूर्तींतली एक लोक मतं देऊन वाचवतात, ती जाळत नाहीत, हे कळल्यावर त्यांना हसू आवरेना. "एकाला तेवढी री-एन्ट्री!"

मी मात्र पहिल्या दिवसापासून आतून आखडलो होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्या इमारतीतला एक मल्याळी री-एन्ट्री संपल्याने केरळात अडकला होता. त्याची बायको-मुलं वरच्या मजल्यावर. त्यांचे इकामे त्याच्यावर अवलंबून, त्यामुळे त्यांना बाहेरही पडता येईना. त्याची बायको जिन्यात भेटली की माझ्या बायकोचा हात धरायची. तो हात मी वालेन्सियात घेऊन फिरत होतो.

शेवटचा दिवस. शनिवार. दुपारी टाउन हॉलच्या चौकात आम्ही गर्दीत उभे. दोन वाजले आणि फटाके सुरू झाले. फटाके म्हणजे आपल्याकडच्यासारखे नव्हेत. जमीन खालून वर येते, छातीचं हाड वाजतं. दादा आ वासून, डोळे मिटून उभे होते. मग माझ्या लक्षात आलं, ते ओरडतायत. "मोरया! मोरया!" शिरा ताणून, पूर्ण आवाजात. कोणी वळून बघितलं नाही, कारण सगळेच ओरडत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

त्याच वेळी मी पुरता घाबरलो होतो. आपण इथे मरणार आणि त्या दोघी खोबरला अडकणार, एवढंच डोक्यात. मी खिशातून पासपोर्ट काढला, का ते देव जाणे. त्यावर आमच्या ऑफिसातल्या कागदपत्रं बघणाऱ्या सुदानी गृहस्थाने परतीच्या दिवसांची चिठ्ठी टाचून दिली होती, हाताने लिहिलेली. मी ती वाचली. दहा दिवस. दहा दिवस संपत आले होते आणि आमचं परतीचं विमान सोमवारी होतं.

मी दादांची बाही ओढली. हॉटेलवर आलो. त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठी पाहिली.

"पंधरा आहेत रे. एक आणि पाच."

"शून्य आहे, दादा. गोल शून्य."

"आपल्याकडचं शून्य. अरबीत पाच असा गोल काढतात. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका."

"घाईत लिहिलंय त्याने. ठिपका मोठा झालाय."

हे मी बोललो. वीस वर्षं ज्याने अरबी नंबरप्लेटी आणि बिलं वाचली, त्या माणसाने. घाबरलेल्या माणसाचा डोळा बालवाडीत शिकलेलंच वाचतो, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. दादांनी हॉटेलच्या कागदापासून बाजाराच्या पावतीपर्यंत जे हाताला लागेल त्यावर मला अरबी आकडे काढून दाखवले. ऑफिसला फोन केला. शनिवार, तिकडची सुट्टी. सुदानी गृहस्थाचा फोन बंद.

"तुम्ही थांबा दादा. मी जातो एकटा."

"बॅग लाव आधी."

मला चेन लावता येईना. दादा बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली, चेन ओढली आणि स्वतःचे कपडे भरायला लागले. "असा कसा जाशील तू? भलत्याच विमानात बसशील आणि मला शोधायला फिरावं लागेल."

रस्ते बंद होते म्हणून स्टेशनपर्यंत चालत निघालो. माद्रिदहून रात्रीचं विमान मिळालं होतं. सगळं शहर आमच्या उलट दिशेने चाललं होतं, चौकांकडे. एका गल्लीत लहान मुलांसाठी केलेला पुतळा होता, पुरुषभर उंचीचा. एक मगर आणि तिच्या पाठीवर शाळेचे मास्तर. अग्निशमनवाले आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत होते. मुलं कडं करून बसली होती. मगरीच्या शेपटीपासून वात गेलेली दिसत होती.

दादा थांबले. "हा आता लावतील बघ. पाचच मिनिटं?"

"दादा, नको. प्लीज, नको."

त्यांनी खाली ठेवलेली बॅग उचलली. पुढे ते माझ्याही पुढे चालत होते.

दम्मामच्या विमानतळावर काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, संगणकात बघितलं, शिक्का मारला आणि "यल्ला" म्हणून पुढच्याला बोलावलं. काही नव्हतंच. पाच दिवस शिल्लक होते. मागून दादा आले. मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात केला. "घरी जा. दोघी वाट बघत असतील."

बायकोने दार उघडलं. "दोन दिवस आधी कसे?"

आणि मी म्हणालो, "दादा घाबरले."

विचार करून बोललो असतो तर कदाचित वेगळं बोललो असतो. पण ते वाक्य इतकं सहज आलं, इतकं खरं वाटण्यासारखं होतं, की मला स्वतःलाच पटलं. पुढच्या शुक्रवारी कोणाकडेतरी जेवायला जमलो होतो. माझी बायको भर पंगतीत म्हणाली, "काय हो दादा, ह्यांना आग बघू दिली नाहीत तुम्ही! री-एन्ट्री, री-एन्ट्री करत पळवून आणलंत!" सगळे हसले. दादांनी वाटीतून वर बघितलं, माझ्याकडे. मी पापड मोडत होतो.

"हो," दादा म्हणाले. "चुकलंच माझं."

एवढंच. त्यानंतर किस्सा माझा राहिला नाही, सगळ्यांचा झाला. नव्या येणाऱ्याला तो सांगितला जायचा. मंडळाच्या कार्यक्रमात त्याचं प्रहसन झालं आणि त्यात दादांचं काम मी केलं. मोज्यातून झेरॉक्स काढली तेव्हा टाळ्या पडल्या. लाल साड्या हलवून मागे ज्वाळा दाखवल्या होत्या. दादा पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भावजी, अगदी हुबेहूब केलंत." दादा गाडीची किल्ली शोधत होते.

मी एकटं गाठून त्यांची माफी मागितली नाही. रोज समोरासमोर बसत होतो. दर आठवड्याला ठरवायचो, या शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगायचं. मग वाटायचं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, इतके दिवस गप्प का? जितके दिवस जात, तितकं ते कारण मोठं होत गेलं. दादा निवृत्त झाले, फायनल एक्झिट घेऊन चिपळूणला राहायला गेले. काही वर्षांनी मीही परतलो.

यंदा दादा गेले. खोबरच्या जुन्या मंडळींनी ऑनलाइन शोकसभा घेतली. एकेक जण बोलत होता आणि तिसऱ्याच माणसाने किस्सा सांगितला. प्रेमानेच सांगितला. पडद्यावरच्या चौकोनांत सगळे हसले, डोळे पुसत हसले. एका चौकोनात वहिनी होत्या आणि त्यांचा मुलगा. मुलगा हसला नाही. मी माझा माइक बंद ठेवला.

चार दिवसांनी वहिनींना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तो किस्सा निघाला ना, तेव्हा मला वाईट वाटलं हो. रिटायर झाल्यावर दोनदा विषय काढला होता त्यांनी. म्हणाले, आता तर री-एन्ट्रीचीही कटकट नाही, जाऊया. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही तिथे पोचल्यावर घाबराल, परत अर्ध्यातून पळून याल. मीही म्हटलं, खरंच आहे, कशाला? नंतर त्यांनी काढला नाही विषय."

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो, एक थट्टा आहे, फार तर एका माणसाची थोडी अब्रू. त्या थट्टेने त्यांचं दुसरं तिकीट फाडलं होतं.

मी सांगितलं. फटाके, चिठ्ठी, चेन, गल्लीतली मगर, सगळं. दारात बायकोला काय म्हणालो तेही. मला वाटलं फोन तुटला.

"वहिनी?"

"ऐकतेय. मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"माहीत नाही."

"मी काय कमी हसलेय का त्यांना?" मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "अरे, इकडे ये. खोबरचे काका आहेत. घे. नाही, तूच ऐक. मी सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाही."

मुलाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "तिकिटं मी बुक केली होती. दुसऱ्या वेळी. बाबांनी पासपोर्टपण काढून ठेवला होता. मी कॅन्सल केली."

"तुझी काय चूक त्यात. चूक माझी."

"हो," तो म्हणाला. "पण कॅन्सल मी केली."

खरं सांगितलं की ओझं उतरतं असं म्हणतात. माझं उतरलं नाही. त्यातलं अर्धं मी त्या मुलाच्या अंगावर टाकून आलो, आणि ते परत घेता येत नाही. फोन ठेवावा की धरून राहावं, कळेना. मागे वहिनी काहीतरी बोलत होत्या. त्याने फोनवर हात ठेवला, मग काढला.

"काका, आई विचारतेय, मार्चमध्येच असतं ना ते?"

"मार्चमध्ये."

"आणि विचारतेय, जाळतात तेव्हा जवळ उभं राहू देतात का? धूर फार होतो का? तिचा गुडघा दुखतो, तर बसायला काही असतं का तिथे?"

मी आठवायला लागलो. लाल साड्या आठवल्या, टाळ्या आठवल्या, इतकी वर्षं इतक्या लोकांना ज्वाळा किती उंच जातात ते हातवारे करून सांगितलेलं आठवलं.

"काका?"

"मला नाही सांगता येणार रे," मी म्हणालो. "जळताना मीही पाहिलेलं नाही."